नाशिकच्या थंडीतली फुलझाडं: बी कधी टाकायचं, रोपं कधी लावायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गणपती उठले की नाशिकमधल्या बागवेड्या मंडळींचे फोन सुरू होतात. पॅन्सीचं बी टाकू का, स्वीट पी लावू का, पाकिटावर हिमाची तारीख दिलीय तिचं काय करू? माझं घर पाथर्डी फाट्याकडे, गच्चीवर शंभरेक कुंड्या. धाकट्या बहिणीचं सासर निफाड तालुक्यात. तिच्या मळ्यात घरापुढे फुलांचे दोन वाफे. एकच बी दोन्हीकडे टाकून बरीच वर्षं मी वहीत नोंदी करतेय. पुढची उत्तरं त्या वहीच्या आधाराने लिहिली आहेत.

पाकिटावर “शेवटच्या हिमाच्या सहा आठवडे आधी पेरा” असं छापलेलं असतं. नाशिकचं शेवटचं हिम कधीचं धरायचं?

धरायचंच नाही. (हिम म्हणजे इथे आभाळातून पडणारा बर्फ नव्हे, पानांवर गोठणारं दव; इंग्रजी पाकिटावर त्याला “फ्रॉस्ट” म्हणतात.) ती सूचना जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, त्या मुलखासाठी लिहिलेली असते. तिथे हिवाळाभर बागकाम बंद असतं आणि वसंतात हिम थांबलं की लावणी सुरू होते. थंडी सोसणारी फुलं मात्र तिथले लोक महिना-दीड महिना आधीच पेरतात, कारण त्यांच्या रोपांना थोडंफार हिम बाधत नाही.

आपल्याकडे या झाडांचा मोसमच थंडीत येतो. त्यांचा जीव जातो तो उन्हाने. त्यामुळे पाकिटावर “हिम” वाचलं की मी मनात “ऊन” म्हणते आणि दोन टोकं बघते: ऑक्टोबरचं ऊन कधी उतरतं आणि मार्चचं कधी चढतं. नाशिकमध्ये या दोन टोकांच्या मधे साधारण १८ ते २० आठवडे मिळतात. पॅन्सीला बी टाकल्यापासून फूल यायला १२ ते १४ आठवडे लागतात. वजाबाकी करून बघा. फुलं बघायला उरतात जेमतेम सहा-सात आठवडे. बी टाकायला पंधरा दिवस उशीर झाला, तर तो उशीर थेट फुलांच्या दिवसांतून वजा होतो. मला सगळ्यांना सांगायचंय ते एवढंच, बाकीची उत्तरं म्हणजे त्याचे तपशील.

मग नेमकं बी कधी टाकायचं?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यातही क्रम आहे. फुलायला वेळ लावणारी आधी: स्नॅपड्रॅगन (आपल्या रोपवाटिकांत याला डॉग फ्लॉवर म्हणतात), पॅन्सी, डायांथस, पिटुनिया, गुलखैरा. लवकर फुलणारी मागून: कॅलेंडुला, फ्लॉक्स. स्वीट अ‍ॅलिसम सहा-आठ आठवड्यांत फुलतं, त्यामुळे ते नोव्हेंबर संपेपर्यंत टाकलं तरी चालतं.

पण तारखेपेक्षा मी रात्रीकडे बघते. पॅन्सीचं बी १८ ते २२ अंशांत छान उगवतं, आणि मातीच तापलेली असेल तर नुसतं पडून राहतं. वर्तमानपत्रात नाशिकचं किमान तापमान छापून येतं; ते सलग चार-पाच दिवस २० च्या खाली राहिलं की ट्रे भरायला घ्यायचे. तापमान बघायची सवय नसेल तर घरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीवर लक्ष ठेवा. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. सकाळी वेणी घालायला बाटली उलटी केली आणि तेल आलंच नाही, की मी त्याच दिवशी संध्याकाळी बी टाकते. पहाटे पंखा बंद करून पायाशी पडलेली चादर ओढावीशी वाटते, तेही याच आठवड्यात.

आमच्याकडे दसऱ्याला बी टाकायची पद्धत आहे. ते चालेल ना?

काही वर्षी चालतं. सण पुढेमागे सरकतात, हवा त्यांच्या मागे जात नाही. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तो २० ऑक्टोबरला. म्हणजे एकाच मुहूर्तात अठरा दिवसांचा फरक. २ ऑक्टोबरला नाशिकमध्ये पाऊस पुरता गेलेला नसतो आणि दुपारची काहिली ऐन भरात असते. २० ऑक्टोबर मात्र उत्तम. दसऱ्याला औजारांची पूजा करतो तेव्हा खुरपी, झारी धुऊन-पुसून ठेवावी, माती चाळून ठेवावी, आणि बी हवा बघून टाकावं, असं मला वाटतं.

लवकर फुलं यावीत म्हणून सप्टेंबरमध्येच बी टाकलं तर?

मी हे केलंय. एका वर्षी अनंत चतुर्दशीनंतर लगेच पॅन्सीचे चार ट्रे टाकले. बी महागाचं होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी तुरळक कोंब दिसले, मग तीन दिवस झड लागली. पाऊस उघडल्यावर पाहिलं तर कोंब मातीलगत बारीक होऊन आडवे झाले होते, जणू कुणी नखाने चिमटा काढलाय. याला रोपं कोलमडणं म्हणतात. उबदार, ओली हवा आणि साचलेलं पाणी मिळालं की मातीतली बुरशी कोवळ्या देठाला धरते. जी वाचली ती ऑक्टोबरच्या उन्हात लांबुळकी झाली आणि तळहाताएवढी असतानाच दोन-दोन पिटुकली फुलं देऊन बसली. २० ऑक्टोबरला टाकलेल्या दुसऱ्या खेपेने त्यांना डिसेंबरातच मागे टाकलं.

घाईच असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला ट्रे गच्चीवर न ठेवता खाली, घराच्या उत्तरेकडच्या सावलीत ठेवा. ओल्या गोणपाटावर ट्रे ठेवला की पाणी उडून जाताना तळ गार राहतो. तापलेल्या स्लॅबवर ठेवलेला ट्रे संध्याकाळपर्यंत तव्यासारखा लागतो, हात लावून बघा.

नाशिकमध्ये हिम पडतच नाही, असं समजायचं का?

शहरापुरतं बोलायचं तर बहुतेक वर्षी पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री साधारण १० ते १२ अंशांच्या आसपास असतात, लाट आली की पारा ५-६ पर्यंत उतरतो. १९४५ च्या जानेवारीत नाशिकला ०.६ अंशांची नोंद झाली होती.

निफाडची गोष्ट निराळी आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर थंडीत बातम्यांत येतो, तो उगाच नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तिथे पारा १.८ अंशांवर आला होता आणि परिसरात दवबिंदू गोठले होते. द्राक्षबागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सुरू करतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं. तुमची बाग निफाड, ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदोरी या पट्ट्यात असेल, तर गोठणाऱ्या दवाची तयारी ठेवा. शहरात गच्चीवर किंवा गॅलरीत बाग असेल, तर त्याची काळजी जवळजवळ सोडून द्या.

पारा ३-४ अंशांवर होता, तरी दव गोठलं. पाणी तर शून्याला गोठतं ना?

हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत टांगलेला असतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली, की जमीन दिवसाची ऊब उघड्या आभाळाकडे भराभर सोडते. मग जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी गार होते. पॅन्सी नेमकी वीतभर उंचीवर असते. पेटीत ३ असताना तिच्या पानावर शून्य असू शकतं.

गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहत खोलगटात साचते. बहिणीच्या मळ्यात दोन वाफ्यांमधे चाळीस पावलांचं अंतर आहे. ओहोळाकडचा वाफा गोठतो आणि ओट्याजवळचा कधीच नाही. ढगाळ रात्री मात्र निर्धास्त झोपा, ढग गोधडीचं काम करतात.

कोणती फुलं खरी थंडी सोसणारी?

पॅन्सी, व्हायोला, डॉग फ्लॉवर, डायांथस, कॅलेंडुला, स्वीट पी, लार्कस्पर, कॉर्नफ्लॉवर, स्वीट अ‍ॅलिसम, स्टॉक, पॉपी, गुलखैरा. यांची रोपं थंडीला हळूहळू सरावलेली असतील तर शून्याखालचे दोन-तीन अंशही काढतात. आपल्या जिल्ह्यात याहून जास्त कुणी मागत नाही. पाकिटावर यांना “हार्डी” लिहिलेलं असतं.

पिटुनिया, फ्लॉक्स, व्हर्बिना यांना थंडी आवडते, पण गोठलेलं दव सोसत नाही. शहरात बिनधास्त लावा, निफाडकडे आडोशाला.

झेंडू, झिनिया, कॉसमॉस, तेरडा, कोंबडा, डेलिया आणि नॅस्टर्शियम यांना दव गोठलं की संपलंच. नॅस्टर्शियम पाकिटात बाकीच्या थंडीतल्या फुलांसोबत मिळतं म्हणून लोक फसतात. त्याचा देठ पाण्याने टचटचीत भरलेला असतो, एका रात्रीत काळा पडतो.

स्वीट पी वेल भरपूर वाढतो, पण फुलं येता येता उन्हाळा लागतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा काळजी बरोबर असते आणि वाण चुकतो. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण तीन वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते.

स्वीट पीच्या कळ्या दिवस किती मोठा आहे त्यावर धरतात. मोठ्या, चुणीदार फुलांचे प्रसिद्ध स्पेन्सर जातीचे वाण साधारण १२ तासांचा दिवस मिळाल्याशिवाय कळी धरत नाहीत. नाशिकमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि १२ तासांवर येतो मार्चच्या मध्याला. म्हणजे वेलाला कळी धरायची परवानगी मिळते तेव्हा दुपारी पारा ३५ च्या पुढे गेलेला असतो. कळ्या दिसतात, पिवळ्या पडतात, गळतात.

उपाय एकच: लवकर फुलणारे, १० ते ११ तासांच्या दिवसात कळी धरणारे वाण घ्यायचे. पाकिटावर “अर्ली” किंवा “विंटर फ्लॉवरिंग” लिहिलेलं असतं. फुलं थोडी लहान, पण वास तोच. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी जे फुगलेलं नसेल त्याच्या टरफलाला, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, नेलकटरने बारीक टचका द्या. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जागेवरच पेरा, कारण याच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. दिवाळीचा आकाशकंदील उतरवला की त्याच तारेवर मी वेलासाठी सुतळ्या बांधते. संक्रांतीच्या सुमारास पहिला गुच्छ मिळतो.

लार्कस्पर आणि पॉपीचं बी माझ्याकडे उगवतच नाही.

दोन कारणं असतात. लार्कस्परला उगवायला चांगलाच गारवा लागतो, १५ अंशांच्या आसपासचा. बी ओलसर वाळूत मिसळून डबीत घाला आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाफ्यात फेका. ताजं बी हवं, दोन वर्षांचं जुनं बहुधा वाया जातं. एक सांगायलाच हवं, लार्कस्परचं बी विषारी असतं. डबीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

पॉपीचं बी आपण खोल गाडतो, तिथे चुकतं. ते खसखशीएवढं बारीक. मूठभर वाळूत मिसळून वरच्या वर भुरभुरायचं आणि तळहाताने नुसतं दाबायचं. पिटुनिया, डॉग फ्लॉवर आणि अ‍ॅलिसमचंही तसंच, त्यांना उगवायला उजेड लागतो. पॅन्सी आणि कॅलेंडुलाला मात्र वर मातीचा थर हवा, त्यांना अंधार आवडतो. लार्कस्पर आणि पॉपी दोन्ही जागेवर पेरायची, उचलून लावायची नाहीत.

रोपवाटिकेतून तयार रोपं आणली तर वेळापत्रक बदलतं का?

खूप सोपं होतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणा. मात्र फुललेलं रोप उचलू नका. मन तिकडेच ओढ घेतं, पण पिशवीत फुललेल्या रोपाने आपली ताकद खर्च केलेली असते. बुटकं, चार-सहा पानांचं, बुंध्याशी जाड असलेलं निवडा.

रोपं शेडनेटखाली वाढलेली असतात. आणल्या आणल्या गच्चीच्या उघड्या थंडीत ठेवली तर पानं जांभळट होतात. तीन-चार दिवस गॅलरीत, मग दिवसभर बाहेर आणि रात्री आत, आठवड्याने पूर्ण बाहेर. लावणी संध्याकाळी करा. आपली काळी माती कुंडीत तशीच भरू नका. थंडीत ती ओली राहते आणि मुळं कुजतात. एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरतं.

थंडीची लाट येणार अशी बातमी आली. आज रात्री काय करू?

उत्तरेत बर्फ पडून गेला आणि इकडे उत्तरेचा वारा सुटला, की तयारी धरा. दुपारी वाफ्याला पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते. पानांवर पाणी नको. सूर्य मावळायच्या आत बांबूच्या कामट्या कमानीसारख्या रोवून त्यावर जुनी सुती साडी किंवा चादर टाका, कडा जमिनीला टेकू द्या. जमिनीतून येणारी ऊब आत अडकवायची असते. प्लास्टिक वापरायचं तर ते पानांना चिकटू देऊ नका, चिकटलेलं पान गोठतं. सकाळी ऊन आलं की पांघरूण काढा, नाहीतर आत वाफ धरून भुरी येते. कुंड्या असतील तर त्या भिंतीला लावून, एकमेकींना खेटून ठेवल्या की झालं.

रोपं गोठलीच तर टाकून द्यायची?

अजिबात घाई करू नका. २०१८ च्या त्या थंडीत मी बहिणीकडे मुक्कामाला होते. सकाळी दार उघडलं तर अंगणातल्या बाजेवर, गवतावर, रात्री बाहेर राहिलेल्या कळशीच्या काठावर पांढरी साय धरलेली. ओहोळाकडच्या वाफ्यातल्या पॅन्सीची पानं काळपट हिरवी, काचेसारखी अर्धपारदर्शक झालेली आणि सगळ्या फुलांनी माना टाकलेल्या. मी चुलीवरचं कोमट पाणी आणायला निघाले, तेवढ्यात बहिणीच्या सासूबाई मागून म्हणाल्या, “हात लावू नका गं पोरींनो. आधी थंडी उतरू द्या त्यांची.” त्यांनी लुगडं आणून आम्हा दोघींना पूर्वेच्या बाजूने धरायला लावलं, कोवळं ऊन थेट पडू नये म्हणून. गोठलेलं पान एकदम तापलं की त्याला जास्त इजा होते. दहाच्या सुमारास पानांवरून पाणी टपकायला लागलं. अकराला फुलांच्या माना उचलल्या होत्या. शेजारचं नॅस्टर्शियम मात्र उकडलेल्या पालकासारखं मातीला चिकटलं.

गोठलेल्या झाडाला छाटू नका, खत घालू नका. चार-पाच दिवसांनी जे पान खरोखर वाळलं असेल तेवढंच काढा.

गारा पडल्या म्हणजे हिम पडलं का?

नाही. गारा ढगातून पडतात, आणि आपल्याकडे त्यांचा धोका थंडी संपताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. २०१४ ची गारपीट नाशिककर विसरलेले नाहीत. हिम पानावर जागच्या जागी तयार होतं. गारांना चादर पुरत नाही, कुंड्या छपराखाली घ्याव्या लागतात.

ट्यूलिप नाशिकला येतात का?

एका वर्षापुरते येतात. ट्यूलिपच्या कंदाला १२ ते १४ आठवडे ९ अंशांखालची सलग थंडी लागते, आणि ती आपल्या हवेत मिळत नाही. कंद कागदी पिशवीत घालून सप्टेंबरपासून फ्रीजमध्ये ठेवा, डिसेंबरच्या मध्याला लावा. त्याच कप्प्यात सफरचंदं किंवा केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून येणाऱ्या वायूने आतली कळी मरते. फूल येऊन गेल्यावर कंद पुन्हा फुलत नाही. त्या पैशात मी पॅन्सीची दहा पाकिटं घेईन, पण ज्यांना हौस आहे त्यांनी एकदा जरूर करावं.

डिसेंबर उजाडला आणि मी काहीच केलं नाही. आता?

बी टाकायचंच तर अ‍ॅलिसम टाका. ते कुंडीच्या कडेने पांढरी झालर धरतं आणि फेब्रुवारीत मधाचा वास सुटतो. बाकी सगळी तयार रोपं आणा. संक्रांतीनंतर मात्र नवीन काही लावू नका, पुढच्या वर्षीची माती करायला घ्या.

फुलं कधीपर्यंत टिकतात, आणि पुढे काय करायचं?

सुकलेली फुलं रोज खुडली तर महाशिवरात्रीपर्यंत बहर राहतो. त्यानंतर पॅन्सीची फुलं लहान होत जातात, देठ लांबतात, मावा दिसायला लागतो. दुपारच्या वेळी सावली धरून आठवडा-दहा दिवस ओढता येतात, होळीपर्यंत क्वचित.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रत्येक जातीच्या सगळ्यात जोमदार दोन झाडांची फुलं खुडणं थांबवा, बी धरू द्या. कॅलेंडुलाचं बी वाकड्या नखासारखं असतं, ते तपकिरी झालं की हाताला सहज सुटतं. लार्कस्परच्या शेंगा तोंड उघडायच्या आत कापून कागदावर उलट्या टांगा. पॅन्सीची बोंडं मान खाली घालून वाढतात आणि पिकली की वर बघतात. त्या दिवशी दुपारच्या आत काढली नाहीत तर ती तडकून बी गच्चीभर उडतं. सगळं सावलीत वाळवून कागदी पुड्यांत भरा, वर नाव आणि वर्ष लिहा, आणि उन्हाळाभर फ्रीजच्या दारात ठेवा. माझ्या फ्रीजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी आत्ता अकरा पुड्या आहेत.